ऐकू येतो तो ताशा वाजून गेलेला असतो
(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

पत्रिकेवर विषय छापलाय, 'सायबर-फिजिकल प्रणालींचे तत्क्षणी समन्वयन व नियंत्रण'. हे वाचूनही तुम्ही आलात, म्हणजे एकतर तुम्ही वीज मंडळातून निवृत्त झालेले आहात, नाहीतर नंतरच्या बटाटेवड्यांची बातमी फुटलेली आहे. (हशा) निम्मे चेहरे ओळखीचे आहेत, तेव्हा ग्रिड म्हणजे विजेच्या लाइनींचं जाळं आणि रिले म्हणजे दोष दिसला की लाइन तोडणारा पहारेकरी, एवढंच सांगून पुढे जातो. सायबर-फिजिकल हा शब्द २००६च्या सुमारास अमेरिकेत हेलन गिल यांनी रूढ केला. संगणक आणि खरंखुरं यंत्र एकमेकांत इतकं गुंतलेलं की वेगळं काढता येऊ नये, एवढाच त्याचा अर्थ. आपण कंट्रोल रूममध्ये जन्मभर तेच केलं, फक्त त्याला असं भारदस्त नाव आहे हे ठाऊक नव्हतं. नाहीतर पगारवाढ मागितली असती.

मुद्द्यावर येण्याआधी एक जुनी तक्रार. बावीस वर्षांचा असताना मी पुण्यात ढोल पथकात होतो. साठ ढोल, सहा-सहाच्या दहा रांगा. माझी उंची जास्त, म्हणून मला शेवटची रांग. ढोल कमरेला आणि टिपरू फिरवायला जागा हवी, त्यामुळे दोन रांगांत साडेतीन मीटर तरी सुटायचे. ताशे सगळ्यात पुढे. म्हणजे ताशापासून मी पस्तीस मीटरवर. पथकप्रमुखांना आम्ही दादा म्हणायचो. त्यांचं दर सरावाला एकच वाक्य, "शेवटची रांग झोपलीय का रे?" आणि बघायचे माझ्याकडे.

आता मी काही झोपलेला नव्हतो. ताशा कानावर आला की त्याच क्षणी माझं टिपरू पडायचं. माझ्या कानाला मी अगदी बिनचूक. पण आवाज सेकंदाला ३४० मीटर चालतो. पस्तीस मीटरला सेकंदाचा दहावा भाग गेला. माझा ठोका परत दादांच्या कानापर्यंत जायला आणखी दहावा भाग. ठेका चढला की पाव-पाव सेकंदाला ठोका पडतो, आणि मी त्यांच्या हिशेबी पाचव्या भागानं मागे! माणूस चिडणारच. शेवटी टोल वाजवणाऱ्या एका जाणत्या माणसानं मला बाजूला घेतलं. म्हणाला, "कानानं वाजवू नकोस, ताशेवाल्याचे हात बघ." हात दिसायला वेळ लागत नाही. तेव्हापासून दादांच्या हिशेबी माझा उशीर निम्म्यावर आला. निम्म्यावरच, कारण माझा ठोका त्यांच्यापर्यंत जायचा तो हवेतूनच. आणि गंमत बघा, सगळ्यांनी हात बघून एकाच क्षणी वाजवलं तरी सगळे साठ ढोल एकदम वाजलेले ऐकू येतील अशी जागा मिरवणुकीत कुठेच नसते. आजही लक्ष्मी रस्त्यावर शेवटच्या रांगेतलं एखादं पोर बोलणी खाताना दिसलं की माझा जीव तुटतो. चूक त्याची नाही हो, हवेची आहे.

हे आता ग्रिडला लावा. ३१ डिसेंबर २०१३ला सोलापूर-रायचूर ही ७६५ केव्हीची (किलोव्होल्टची) लाइन जोडली गेली आणि दक्षिण ग्रिड उरलेल्या देशाच्या तालात आला. विजेचा ताल, म्हणजे फ्रिक्वेन्सी, पन्नास हर्ट्झची: सेकंदाला पन्नास आवर्तनं, एक आवर्तन वीस मिलिसेकंदांचं. माझ्या ढोलाचा दहाव्या भागाचा उशीर म्हणजे पाच आवर्तनं. लाइनमधून किती वीज वाहणार ते दोन टोकांच्या व्होल्टेजमधल्या कोनावर, म्हणजे एका टोकाचं आवर्तन दुसऱ्याच्या किती पुढे-मागे आहे त्यावर ठरतं. अख्खं आवर्तन म्हणजे ३६० अंश. हा कोन मोजायचा, तर दोन्ही गावांतली घड्याळं जुळलेली हवीत. एक मिलिसेकंदाची चूक म्हणजे अठरा अंशांची चूक; ते माप फेकून द्यायच्या लायकीचं. इथे आपले विद्युत अभियंते अरुण फडके येतात. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९८८मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेकमध्ये हा कोन मोजणारं पहिलं फेझर मापनयंत्र उभं केलं. वेळ उपग्रहांकडून घ्यायची, जीपीएसवरून, मायक्रोसेकंदाच्या हिशेबानं. निरोप पोचायला उशीर होणारच. फडक्यांच्या यंत्रात प्रत्येक मापावर ते कधीचं आहे याचा शिक्का असतो. मग मागाहून आलेली मापंही एका क्षणाची म्हणून शेजारी-शेजारी ठेवता येतात.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, विषयाशी आत्ता कुठे पोचलोय, पळतो.

३० जुलै २०१२, पहाटे अडीचची वेळ. बीना-ग्वाल्हेर ४०० केव्ही लाइनवर शॉर्ट नव्हता. भार जास्त, व्होल्टेज पडलेलं. रिलेला वाटलं दोष आहे. लाइन ट्रिप झाली, उत्तर भारत अंधारात. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच, या खेपेला उत्तर, पूर्व, ईशान्य तिन्ही ग्रिड. रिले वेळेवर वागला. पण आपल्या खोलीतून दिसेल तेवढंच बघून वागला.

उलट उदाहरण ५ एप्रिल २०२०चं. रात्री नऊला नऊ मिनिटं दिवे बंद. विजेची मागणी बारा-चौदा हजार मेगावॉटनं पडेल असा अंदाज. पडली एकतीस हजारांनी. आधीच पाण्यावरचे वीजनिर्मिती संच चढवून आणि कोळशाचे उतरवून ठेवले होते. पाण्याच्या संचांनी सतरा हजारांवर मेगावॉट झटपट खाली घेतले. मागणी आणि निर्मितीचा तोल गेला की फ्रिक्वेन्सी हलते; ती ४९.७० ते ५०.२६ हर्ट्झ यांच्यात राहिली. शाबास! पण त्या रात्री ठोका कधी पडणार हे अख्ख्या देशाला माहीत होतं. एरवी संच बंद पडतो तो सांगून पडत नाही.

न सांगता पडेल तेव्हा पहिले काही सेकंद गव्हर्नर, म्हणजे प्रत्येक संचावरचा वेग राखणारा नियंत्रक, सांभाळतो; त्याला कुणाला विचारावं लागत नाही. मग ग्रिडच्या नियंत्रण केंद्राकडून दर चार सेकंदांनी संचांना हुकूम येतो. उत्तर प्रदेशातल्या दादरी वीजकेंद्रात २०१८मध्ये याची सुरुवात झाली. संशोधन अडतं ते इथे. हुकूम उशिरा आला तर काय? फ्रिक्वेन्सी खाली होती तेव्हाचा 'वाढवा' हा हुकूम ती वर गेल्यावर पोचला, तर झोका वाढतो. म्हणून ठरावीक मुदतीपेक्षा शिळं माप आलं की नियंत्रकानं ते टाकून द्यावं आणि स्थानिक मापावर चालावं. ही मुदत किती, हे प्रत्येक ग्रिडला वेगळं काढावं लागतं. त्यात सौरऊर्जेला जनित्रासारखं फ्रिक्वेन्सी एकदम पडू न देणारं, फिरणारं जड लोखंड नाही, त्यामुळे सावरायला मिळणारा वेळच आक्रसतोय.

शेवटचं, आणि मला झोप न येऊ देणारं. जीपीएसचा सिग्नल जमिनीवर पोचतो तेव्हा अतिशय क्षीण असतो. जवळून कुणी जरा जोरात खोटा पाठवला तर घड्याळ हळूहळू सरकवता येतं. दहा मायक्रोसेकंदांनी कोन ०.१८ अंश चुकतो, कुणाला शंकाही येत नाही. तोडगा म्हणजे सबस्टेशनात स्वतःचं रुबिडियमचं अणुघड्याळ ठेवायचं, आणि लाइनमधून वाहणारी वीज कोनाशी ताडून बघायची. जुळत नसेल तर मीटर नाहीतर घड्याळ, दोहोंतलं एक खोटं बोलतंय. कुठलं, ते कसं ओळखायचं हे गणित फळ्यावर करणार होतो, पण चिटणीस उभे राहिलेत. ज्यांना हवंय त्यांनी वड्यांच्या रांगेत गाठा. सवयीप्रमाणे शेवटी उभा असेन.