डिस्चार्जच्या त्या पाच मिनिटांत

मंडळी, रुग्णालयातून घरी सोडतात ती वेळ डोळ्यांसमोर आणा. मुलगा बिलाच्या खिडकीपाशी रांगेत उभा. सून डबे, चादरी, थर्मास पिशवीत कोंबतेय. खाट रिकामी व्हायची वाट पाहत दुसरा पेशंट बाहेर थांबलेला. अशा घाईत सिस्टर डिस्चार्ज कार्ड वाचून दाखवते : इन्सुलिन किती, कुठली गोळी बंद, परत कधी यायचं. ऐकतात आजोबा, ज्यांना चार दिवसांपूर्वी शुद्ध नव्हती. आणि घरी इन्सुलिन टोचणार असते सून.

मधुमेहाचा पेशंट महिन्याभरात पुन्हा दाखल झाला की आपण म्हणतो, पथ्य पाळलं नसेल. मीही पूर्वी तेच म्हणायचो. आता म्हणत नाही. पथ्य मोडणारे असतात, पण नीट समजावून न सांगितल्यामुळे परत आलेले मी त्यांच्याहून जास्त पाहिले आहेत.

या दोन सिरिंजा बघा. लाल टोपणाची 40 युनिटवाली, केशरी टोपणाची 100 युनिटवाली. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा मिलिलिटरला 40 युनिट असतं, पेनमधलं 100. पेन बिघडलं म्हणून एका घरात त्याच्या काडतुसातलं इन्सुलिन लाल सिरिंजेत ओढलं. वीसच्या रेघेपर्यंत, अगदी कार्डावर लिहिल्याप्रमाणे. लाल सिरिंजेची वीसची रेघ म्हणजे अर्धा मिलिलिटर; पेनच्या इन्सुलिनचे तेवढ्यात अंगात गेले 50 युनिट. पहाटे ते गृहस्थ घामाने निथळत, बरळत परत आले. घरच्यांनी काय चूक केली, सांगा बरं? अंक त्यांनी बरोबरच वाचला होता.

दुसरी गोष्ट याच्या उलट. ताप आला, उलट्या झाल्या, पोटात अन्न नाही. घरातले म्हणतात, ‘जेवलाच नाही, मग इन्सुलिन कशाला?’ ऐकायला पटतं. पण आजारपणात शरीर साखर वाढवणारी संप्रेरकं सोडतं, आणि टाइप 1 च्या मुलाकडे स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ नसतंच. इन्सुलिन बंद केलं की चरबी जळून किटोन साठतात, रक्त आम्ल होतं. पोट दुखतं, श्वास खोल आणि भराभर चालतो, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येतो. म्हणून अशा मुलाचं दिवसभर पुरणारं, म्हणजे बेसल इन्सुलिन उपाशीपोटीही थांबवायचं नाही. डोस कमी-जास्त करायचा तर आधी डॉक्टरांना फोन करायचा. हे एक वाक्य कार्डावर मराठीत, मोठ्या अक्षरांत असलंच पाहिजे.

म्हाताऱ्या माणसांचं वेगळंच. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी, त्यात मूत्रपिंड थकलेलं. साखर उतरून आजी बेशुद्ध पडतात, सलाईनमधून ग्लुकोज दिलं की उठून बसतात. ‘बरं वाटतंय, घरी नेतो,’ असं नातेवाईक म्हणतात. पण गोळीचा असर अंगात उरलेला असतो, रात्री साखर पुन्हा उतरते. आम्ही एक दिवस ठेवून घेतो ते बिल वाढवायला नव्हे. शिवाय घरच्या डब्यात जुनी स्ट्रिप असतेच. नवीन चिठ्ठीवर तेच औषध वेगळ्या कंपनीच्या नावाने असेल, तर आजी श्रद्धेने दोन्ही घेतात. डिस्चार्जच्या दिवशी तो डबा घरून मागवा आणि डॉक्टरांपुढे उघडा.

पायाबद्दल जरा जास्त बोलतो, कारण तिथे फसगत मोठी आहे. जखम भरली, ड्रेसिंग सुटलं, घरात पेढे वाटले. पण पायाची गेलेली संवेदना परत आलेली नसते. मधुमेहाची जखम भरलेल्या दहांतल्या साधारण चौघांना वर्षभरात पुन्हा जखम होते. भर दुपारी देवळाच्या तापल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घातली, तर तळवे भाजल्याचं संध्याकाळी मोज्यावरच्या डागावरून कळतं. मी नवस मोडायला सांगत नाही. पहाटे जा, पुजाऱ्यांना सांगून कापडी पायताण घाला. रोज रात्री नातवाला तळवे बघायला लावा, त्याची नजर चांगली असते. चप्पल घालण्याआधी आत हात फिरवा. आमच्या एका काकांच्या बुटात सुपारीचं खांड निघालं होतं, दोन दिवस ते त्यावर चालत होते.

आता बोलणं पुरे. इथे टेबलावर दोन्ही सिरिंजा आणि पाण्याच्या बाटल्या मांडल्या आहेत. ज्यांच्या घरी इन्सुलिन आहे त्यांनी पुढे या. टोचून घेणाऱ्यांनी नव्हे, टोचणाऱ्यांनी. बाटलीवरचा आकडा मोठ्याने वाचा, मग सिरिंज निवडा, आणि मला 14 युनिट भरून दाखवा.