हिमोढ म्हणायची घाई

(संपादित व्याख्यान)

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय, 'पर्वतदरीतल्या दगडमातीच्या प्रचंड ढिगांचा उगम कसा ओळखावा'. चाळीस मिनिटं मिळालीत. त्यातली बरीच मी एका चुकीवर घालवणार आहे. चूक माझीच, त्यामुळे परवानगी कुणाची घ्यायची नाही.

हे दगडाचे चार तुकडे पुढच्या रांगेपासून मागे फिरवा. एकमेकांना लावून बघा. आणि परत द्या, हे आधीच सांगतो.

हिमोढ म्हणजे हिमनदीने वाहून आणून टाकलेला दगडमातीचा ढीग, हे या सभागृहात सांगायला नको. दरड तर सगळ्यांनाच माहीत. पण दोन्हींचा माल दिसतो कसा? घराएवढ्या शिळेपासून पिठासारख्या भुकटीपर्यंत सगळं एकत्र, ना थर, ना निवड. पाणी निदान वाहून आणलेलं चाळून तरी टाकतं. हिमनदी आणि कोसळता डोंगर, दोघंही सारखेच अघळपघळ.

मी विद्यार्थी असताना हिमालयातल्या एका दरीत गेलो. दरीच्या तोंडाशी आडवा पसरलेला उंच बांध, त्यावर मोठाल्या शिळा, वर लांब बर्फ चमकतोय. मी वहीत लिहिलं, 'अंत्य हिमोढ', म्हणजे हिमनदी जिथवर पोचली त्या टोकाचा ढीग. दहा मिनिटांत! (हसू नका, तुमच्यातल्या निम्म्यांनी पाच मिनिटांत लिहिलं असतं.) ती वही अहवालात गेली, अहवालातून नकाशावर. पुढे एकाने त्या नकाशावरून हिमनदी किती खाली आली होती, म्हणजे थंडी किती वाढली होती, याचं गणित मांडलं आणि तो लेख मला कौतुकाने वाचायला दिला. मी 'छान' म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

काही वर्षांनी पुन्हा तिथे गेलो, तेव्हा त्या बांधातून रस्ता काढला होता. ताजी कापलेली भिंत. तिच्यात मला एक शिळा दिसली, शेकडो चिरा पडलेली, पण आपला आकार धरून बसलेली. बशी तडकावी आणि तुकडे जागचे हलू नयेत तशी. हातोडीने एक तुकडा काढला, पुन्हा बसवला, चपखल बसला. मग भिंतभर हिंडलो. सगळा एकाच जातीचा खडक, पट्टिताश्म, म्हणजे नाइस. दरीत वरच्या अंगाला तीन जातींचे खडक आहेत. हिमनदी आली असती तर तिन्ही घेऊन आली असती ना? वर बघितलं तर समोरच्या कड्यात बांधाएवढीच भलीमोठी खोबण. पहिल्या खेपेला मी मान वर करून तिकडे बघितलंच नव्हतं.

नकाशावर अजून 'हिमोढ'च आहे. दुरुस्तीचं पत्र दोनदा पाठवलं. उत्तर आलं, नोंद घेतली आहे.

मी एकटाच फसलो असंही नाही. काराकोरममध्ये भूगोलतज्ज्ञ केनेथ ह्युइट यांनी दाखवून दिलं की हिमोढ समजले गेलेले कित्येक ढीग प्रत्यक्षात कोसळलेले डोंगर आहेत. ऑस्ट्रियातल्या कोफेल्सच्या ढिगात काचेसारखा, फेसाळ दगड सापडला. कुणी ज्वालामुखी म्हटलं, कुणी उल्का. निघालं काय, तर घसरतानाच्या घर्षणाने वितळलेला खडक! स्वित्झर्लंडमधला फ्लिम्सचा कडा सुमारे ९,४०० वर्षांपूर्वी कोसळला, दहा घन किलोमीटरच्या आसपास माल. ऱ्हाईनने त्यातून खोल घळ कापलीय, आतून रेल्वे जाते. १८८१ साली एल्म गावावर डोंगर आला तो तर...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, एल्म राहू दे, भराभर सांगतो.

आधी खडकाच्या जाती मोजा. दरड बहुधा एका कड्याची, आणि कड्यावर जातींचे पट्टे ज्या क्रमाने असतील तो क्रम ढिगातही टिकतो. कारण खडक फुटतो, पण फारसा मिसळत नाही. मग तुकड्यांच्या कडा बघा: दरडीचे तुकडे टोकदार, हिमनदीच्या तळाचे घासलेले, सपाट झालेले, ओरखड्यांचे. समोरच्या उतारावर माल चढलाय का बघा, दरड वेगात आली की चढते. भुकटी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. दरडीत चुरा झालेले अतिसूक्ष्म कण एकमेकांना चिकटून गोळे होतात. शेवटी बेरिलियम-१० ने वय काढा; दगड उघड्यावर असेल तोवर अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे ते त्यात साठत जातं. दरड मिनिटांत पडते, म्हणून बहुतेक शिळांची वयं जवळजवळ येतात. एखादी आधीच कड्यावर उघडी बसलेली असेल तर ती वय वाढवून सांगते, तेव्हा एकाच शिळेवर विसंबू नका.

आणि दरड हिमनदीवरच पडली तर? १९६४ च्या अलास्का भूकंपात शर्मन हिमनदीवर असंच झालं. असं आच्छादन बर्फाला वितळू देत नाही, हिमनदी पुढे सरकू शकते, थंडी वाढलेली नसतानाही. न्यूझीलंडमधल्या वायहो लूपचा वाद हाच. थंडीचा पुरावा मानलेल्या त्या हिमोढात दरडीचा माल आहे असं २००८ मध्ये मांडलं गेलं आणि भांडण पेटलं. आता त्याला हिमोढ म्हणायचं की दरड? मी दोन्ही म्हणतो, आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खातो.

दुसरी चिठ्ठी. थांबतो. तुकडे तीनच आलेत. चौथा कुणाकडे आहे?