थंड्याचा पाहुणचार

श्रोतेहो, नमस्कार. बेळगाव-खानापूर पट्ट्यातल्या एखाद्या गावात महालक्ष्मीची यात्रा भरली की घरोघरी पाहुण्यांची रीघ लागते, आणि उन्हातून आलेल्या माणसापुढे पूर्वी जिथे गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या येई, तिथे आता थंड्याचा, म्हणजे कोलासारख्या गोड शीतपेयाचा, पेला येतो. गूळ हीही साखरच, हे खरे. पण तो चघळून खायचा असतो आणि माणूस एका खड्यावर थांबतो. थंडा मात्र चार घरी चार वेळा घेतला जातो, कारण नको म्हटले तर यजमानाला वाईट वाटते.

बाटलीच्या मागचा बारीक मजकूर वाचला, तर नेहमीच्या कोलात 100 मिलिलिटरमागे सुमारे 10 ते 11 ग्रॅम साखर असल्याचे दिसते. म्हणजे 250 मिलिलिटरच्या लहान बाटलीत साखरेचे सहाहून अधिक चहाचे चमचे झाले. तेवढी साखर मी एकदा घरी रिकाम्या स्टीलच्या पेल्यात मोजून घातली, तेव्हा पेल्याचा तळ दिसेनासा झाला. असा चहा कोणी दिला असता तर पहिल्या घोटालाच आपण तो खाली ठेवला असता. परंतु पेय बर्फासारखे गार आणि आंबट असले की तोच गोडवा जिभेला जाणवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली दिलेल्या सल्ल्यानुसार, दिवसाला 2000 कॅलरी लागणाऱ्या प्रौढ माणसाने वरून घातलेली साखर, तसेच मध आणि रसांतली साखर मिळून 50 ग्रॅमच्या आत, आणि शक्यतो 25 ग्रॅमच्या आत ठेवावी. ही दुसरी मर्यादा एका लहान बाटलीतच संपते, आणि दिवसभराचा चहा अजून बाकीच असतो.

पातळ साखरेचे विशेष असे की तिने पोट भरल्याची जाणीव होत नाही, त्यामुळे थंडा पिऊन जेवायला बसलेला माणूस एक भाकरी कमी खात नाही. साखरेचा निम्मा भाग ग्लुकोज असतो, तो सर्व अवयव वापरतात. उरलेला निम्मा फ्रुक्टोज असतो आणि त्याचा भार मुख्यतः यकृतावर पडतो. तो वारंवार आणि भराभर येऊ लागला की यकृत त्याची चरबी बनवते, आणि म्हणूनच दारूला कधी न शिवलेल्या माणसाच्या तपासणीतही यकृतावर चरबी निघते. पुढे वजन वाढते, इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो आणि मधुमेहाचा धोका वाढतो. दातांचे नुकसान वेगळेच, कारण साखरेबरोबर आम्लही दातांवर बसते.

रसवंतीवरचा ताजा रस नैसर्गिक असतो, मग तो कितीही प्यावा, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. उसाच्या जिल्ह्यात राहून हे बोलणे थोडे धाडसाचे आहे, पण आले-लिंबू घातलेल्या त्या पेलाभर रसातली साखर कोलाहून कमी नसते, बहुधा जास्तच असते. तहान भागवायला पाणी आहे, आणि पाहुण्यासाठी पातळ ताक किंवा साखर बेताची घातलेले कोकम सरबत आहे.

सगळ्यात काळजीची सवय मात्र वेगळी आहे. मुलाला जुलाब लागले की अंगात तरतरी यावी म्हणून त्याला थंडा पाजणारी घरे आजही आहेत. ओआरएसच्या, म्हणजे जुलाबात द्यायच्या क्षार-साखरेच्या, एक लिटर पाण्यात 13.5 ग्रॅम ग्लुकोज असते, तर एक लिटर कोलात शंभर ग्रॅमहून अधिक साखर असते आणि लागणारे क्षार जवळपास नसतातच. एवढी साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात. औषधाच्या दुकानातून ओआरएसची पुडी आणल्यावर ती किती पाण्यासाठी आहे हे पाहावे, तेवढेच उकळून गार केलेले पाणी मोजून घ्यावे, त्यात अख्खी पुडी विरघळवावी, चवीसाठी वरून साखर घालू नये, आणि ते पाणी मुलाला चमच्याचमच्याने पाजत राहावे.