मेंदूज्वर: ताप उतरला तरी इंजेक्शने का थांबवू नयेत?

श्रोतेहो, नमस्कार. जिवाणूंमुळे झालेल्या मेंदूज्वराचा रुग्ण शुद्धीवर आला, ताप उतरला, दोन घास खाऊ लागला, की 'आता गोळ्या लिहून द्या, आम्ही घरी जातो' असा आग्रह नातेवाईक धरतात. पेरणीच्या दिवसांत छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात मुक्काम लांबला, तर घराची ओढ लागणारच. परंतु या आजारात ती जिवावर बेतू शकते.

मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींची वीण इतकी घट्ट असते की रक्तातील बहुतेक औषधे तिच्यातून सहजी पलीकडे जात नाहीत. मेंदूच्या आवरणांना सूज आली की ही वीण सैल होते आणि पेनिसिलिन, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन यांसारखी प्रतिजैविके मेंदूभोवतीच्या पाण्यात पुरेशी उतरतात. सूज ओसरली की वीण पुन्हा आवळते. म्हणजे रुग्णाला बरे वाटू लागते, नेमके तेव्हाच औषध आत जाणे कमी होते. म्हणून प्रौढांना दर 12 तासांनी 2 ग्रॅम सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन शिरेतून सुरू केले असेल, तर ती मात्रा शेवटपर्यंत कमी करत नाहीत. मेनिंगोकॉकस जंतूसाठी साधारण 7 दिवस, न्यूमोकॉकससाठी 10 ते 14 दिवस लागतात. मेंदूत गळू झाले असेल तर कित्येक आठवडे. क्षयाच्या मेंदूज्वराची औषधे वेगळी असून ती 9 ते 12 महिने चालतात.

जंतू ओळखण्यासाठी पाठीतले पाणी तपासावे लागते. त्याने माणूस लुळा पडतो, ही भीती आपल्या भागात फार खोल रुजली आहे आणि तिच्यापायी मोलाचे तास वाया जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते. प्रौढांचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि सुई त्याच्या खाली घालतात. लुळेपणा किंवा बहिरेपणा येतो तो बहुधा आजारामुळे. तपासणीला उशीर होणार असेल, तर रक्ताचा नमुना घेऊन डॉक्टर प्रतिजैविकाची पहिली मात्रा लगेच देतात.

ताप, असह्य डोकेदुखी, उलट्या, मान आखडणे, गुंगी किंवा झटके दिसताच 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. कान जुना वाहत असेल तर तेही सांगावे, कारण तिथला पू मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. गावात आधी दिलेल्या इंजेक्शनांची चिठ्ठीही सोबत न्यावी. त्या औषधांमुळे पाठीतल्या पाण्याच्या तपासणीत जंतू कधी कधी सापडत नाहीत आणि चिठ्ठी नसेल तर अहवालाचा अर्थ लावताना डॉक्टरांची फसगत होऊ शकते.