मुंबई ते न्यूयॉर्क : साडेबारा हजार किलोमीटरचा हिशेब

(दृश्य : ठाण्यातील चरईमधले एक घर. टेबलावर पृथ्वीगोल आणि तिकिटाची छापील प्रत.)

तिकिटावर मुंबईहून निघण्याची वेळ पहाटे दोनची आहे आणि न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर उतरण्याची वेळ त्याच तारखेला सकाळी साडेसातची. लेकीकडे निघालेल्या आजींना अमेरिका साडेपाच तासांवर आली असे वाटले, तर नवल नाही. दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या घड्याळाप्रमाणे छापलेल्या असतात आणि हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असते. तो फरक मिळवला की प्रवास सोळा तासांचा भरतो.

(दृश्य : पृथ्वीगोलावर ताणलेला दोरा.)

मर्केटर पद्धतीच्या सपाट नकाशावर या दोन शहरांमध्ये पट्टी ठेवून रेघ ओढली, तर ती अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक महासागर ओलांडते आणि तिची लांबी सुमारे १४,२०० किलोमीटर भरते. गोलावर दोरा ताणला की मात्र तो थेट उत्तरेकडे सरकतो : पाकिस्तानातल्या क्वेट्टाजवळून अफगाणिस्तानात, तिथून मॉस्को, हेलसिंकी आणि आइसलंडच्या आसपास, म्हणजे जवळजवळ ६५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत, आणि मग कॅनडावरून खाली. नकाशावर वाकडी दिसणारी हीच वाट सर्वांत जवळची, सुमारे १२,५०० किलोमीटरची आहे.

ताशी ९०० किलोमीटर वेगाने हे अंतर चौदा तासांत कापता यायला हवे. पण दोऱ्याला सीमा अडवत नाहीत, विमानाला अडवतात. २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमान कंपन्यांना बंद केली, तर रशियाची हद्द २०२२ पासून अमेरिकी आणि बहुतेक युरोपीय कंपन्यांना बंद आहे. त्यामुळे एकाच दोऱ्यावर भारतीय कंपनीला क्वेट्टा टाळावे लागते आणि अमेरिकी कंपनीला मॉस्को. प्रवाशाला किती वळसा पडेल, हे विमान कोणत्या देशाचे आहे यावर ठरते. या बंदीची झळ दिल्लीइतकी मुंबईला बसत नाही, कारण आपल्यासमोर अरबी समुद्र मोकळा आहे.

उरलेला फरक वाऱ्याचा. साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट प्रवाह हिवाळ्यात विशेष जोरकस असतो. समोरून ताशी १०० किलोमीटरचा वारा आला, तर ९०० च्या वेगाने उडणारे विमान जमिनीच्या हिशेबाने ८०० नेच पुढे सरकते. परतीच्या प्रवासात तोच वारा पाठीशी येतो आणि तास-दीड तास वाचवतो. म्हणूनच उड्डाणाचा मार्ग कायमचा आखून ठेवलेला नसतो, तो त्या दिवशीचे वारे पाहून ठरवतात.

उलव्याच्या नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी वाहतूक सुरू झाली. मुंबईचा सहारचा जुना विमानतळ आणि हा, यांच्यातले हवाई अंतर पंचवीस किलोमीटरच्या आतले आहे; साडेबारा हजारांत ते जमेस धरण्याजोगेही नाही. ठाणेकरांसाठी मात्र ऐरोलीवरून ठाणे-बेलापूर रस्त्याने उलव्याकडे जायचे की पूर्व द्रुतगती मार्गाने सहारला, हा प्रश्न वेगळाच आहे, आणि त्याचे उत्तर गोलावर दोरा ताणून मिळत नाही.