हजार बैठका, पण कुठल्या पायावर?

नमस्कार. वस्ताद मंडळी, पालक आणि मागं भिंतीला टेकलेली पोरं, बसू नका, उभेच राहा, पुढं काम आहे तुमच्याकडं. विषय दिलाय पैलवानाच्या पायातल्या ताकदीचा असमतोल आणि दुखापत. वेळ पंधरा मिनिटं, त्यातली सात सत्कारात गेली, असो, नारळ पाणीदार आहे.

तर आधी माझीच गोष्ट. मी फिजिओ नंतर झालो, मूळचा तालमीतला. बहिणीच्या लग्नाला पॅन्ट शिवायला गेलो, शिंप्यानं मांडीला टेप लावला, परत लावला, चष्मा पुसला आणि म्हणाला, पैलवान, पाय दोन माणसांचे आणलेत काय? उजवी मांडी दीड इंच जास्त! मी तर तालमीत जाऊन मिरवलं ते. आता कळतं की दहावीत डावा घोटा मुरगळला होता, तो बरा झाला पण तेव्हापासून बैठक मारताना वजन गुपचूप उजव्यावर जायचं, आणि खडाखडीला, म्हणजे कुस्ती सुरू होताना समोरासमोर हात भिडवतानाही, उजवाच पुढं, हे ना मला कळलं ना कुणाला. तीन महिन्यांनी हौद्यात, कुस्तीच्या मातीत, डाव्यावर गर्रकन फिरलो आणि गुडघ्यात आतून कट्ट. वस्ताद काय म्हणाले? बैठका कमी पडल्या! अहो हजार मारत होतो की, हजारच्या हजार उजव्यानं!

आली चिठ्ठी. पाच मिनिटं. बरं, पळवतो.

बैठकीनं मांडीचा पुढचा भाग दणकट होतो, मागचं हॅमस्ट्रिंग तेवढं होत नाही. नडगी पुढं सरकायला लागली की एसीएल, म्हणजे गुडघा आतून बांधून ठेवणाऱ्या लिगामेंटच्या मदतीला हॅमस्ट्रिंगच धावतं. 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये कुस्ती खेळताना विनेश फोगाटला स्ट्रेचरवरून नेलं ते आपण सगळ्यांनी बघितलंय, तोही गुडघाच. ताकद मोजायच्या मशीनवर हळू वेगात मोजलं तर मागची ताकद पुढच्याच्या साधारण 60 टक्के तरी असावी म्हणतात, आणि डाव्या-उजव्यात 10-15 टक्क्यांच्या वर फरक दिसला की आम्ही कान टवकारतो. पण नुसत्या आकड्यावरून कुणाचा गुडघा जाणार हे सांगता येत नाही, पटात, म्हणजे समोरच्यानं पाय धरून पाडताना, पाय अडकून पिळला तर कुणाचाही जातो. मांडीच्या जाडीवरूनही ताकद कळत नाही, शिंपी बरोबर निघाला ते माझं नशीब.

मशीन नसलं तर जोडीदाराला घोटे दाबून धरायला सांगा, गुडघ्यांवर उभं राहा, कंबर न मोडता हळूहळू मातीकडं झुका. नॉर्डिक म्हणतात त्याला, सुरुवातीला पाचच मारा, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना माझी आठवण निघेल. आणि एका पायावर लांब उडी, दोन्ही पायांची अंतरं मोजा, शिंप्याचाच टेप चालतो.

अध्यक्ष उठायला लागले, थांबा साहेब, उठताय तर एका पायावर उठा. पोरांनो, तुम्हीपण या, खुर्च्या घ्या. आधी डावा. अहो साहेब, हात टेकायचे नाहीत!