बांडगुळावरचं बांडगूळ

झाडावरचं बांडगूळ आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं. ते स्वतः हिरवं असतं, पण मुळं जमिनीत नसतात. पाणी आणि क्षार झाडाच्या खोडातून ओढतं. कधीकधी त्या बांडगुळावर दुसऱ्या जातीचं बांडगूळ रुजतं. आज मला ज्यांच्याबद्दल बोलायचं आहे, त्यांचं नातं असंच तीन मजली आहे. खाली वनस्पती, तिच्या पेशीत शिरलेला विषाणू, आणि त्या विषाणूच्या जिवावर वाढणारा जनुकीय पदार्थाचा एक चिमुकला तुकडा. या तुकड्यांना उपग्रह म्हणतात, आणि ज्या विषाणूवर ते अवलंबून असतात त्याला सहायक विषाणू. उपग्रह या सहायकाचा मित्र की शत्रू, हा माझा मूळ प्रश्न.

माझी यांच्याशी पहिली भेट विद्यार्थी असताना झाली. काकडी मोझॅक विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याच्या जनुकीय मजकुराचे धागे, जेलवर चालवला होता. जेलमध्ये हे धागे लांबीनुसार वेगळे होऊन पट्टे दिसतात. या विषाणूचे चार पट्टे दिसायला हवेत. ते दिसले, पण फिके. आणि अगदी तळाशी, लहान तुकडे जिथे जमतात तिथे, पाचवा पट्टा होता, वरच्या चौघांपेक्षा कितीतरी ठळक. मला वाटलं, नमुना खराब झाला, आरएनए तुटला. माझ्या शिक्षकांनी जेल उजेडासमोर धरली आणि एवढंच म्हणाले, ‘‘तुटलेल्या आरएनएचा धूसर ओघळ दिसतो. हा पट्टा बघ, कसा रेखीव आहे.’’ रेखीव म्हणजे सगळे रेणू एकाच लांबीचे. म्हणजे कुणीतरी त्यांच्या मोजून प्रती काढत होतं. वरचे पट्टे फिके का होते, तेही तेव्हाच कळलं. विषाणूचं प्रती काढणारं यंत्र या पाचव्यानेच अडवून ठेवलं होतं.

‘उपग्रह’ हा शब्द या अर्थाने 1962 साली बॅसिल कॅसॅनिस यांनी वापरला. इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेडच्या संशोधन केंद्रात ते तंबाखू नेक्रोसिस विषाणूवर काम करत होते. त्यात दोन आकारांचे कण सापडत. मोठा कण एकटा रोग करी. लहान कण, व्यास जेमतेम 17 नॅनोमीटर, एकटा काहीच करत नसे. मोठ्याबरोबर दिला की वाढे. त्या लहान कणाच्या जनुकीय संचात सुमारे 1,240 अक्षरं, म्हणजे धाग्यात ओळीने जोडलेले रासायनिक घटक, आहेत, आणि त्यात एकाच प्रथिनाची माहिती आहे, स्वतःच्या कवचाची. बाकी सगळं उसनं.

पण त्याच्याकडे निदान कवच तरी आहे. माझ्या जेलवरच्या पाचव्या पट्ट्याकडे तेही नव्हतं. काकडी मोझॅक विषाणूचा उपग्रह आरएनए साधारण 330 ते 400 अक्षरांचा असतो. त्याच्यात कुठल्याही कामाच्या प्रथिनाचा मजकूर नाही. प्रती काढायच्या त्या सहायकाच्या यंत्राने, प्रवास करायचा तो सहायकाच्या कवचातून. मग उत्क्रांतीने घडवायचं तरी काय? इथे आकार हाच सारा ऐवज आहे. हा धागा स्वतःवरच दुमडून घट्ट घड्या घालतो, त्यामुळे पेशीतल्या आरएनए कापणाऱ्या विकरांना तो सहजी दाद देत नाही. नक्कल काढताना चुका होतातच, कारण विषाणूच्या यंत्राला चूक तपासून दुरुस्त करता येत नाही. एका बाजूचं अक्षर बदललं की घडी उसवते, आणि समोरचं जोडीचं अक्षरही बदललं तर पुन्हा जुळते. टिकलेल्या उपग्रहांत असे जोडीने झालेले बदल सापडतात. मला ते पाहताना नेहमी वाटतं, जिथे मजकूर नाही तिथेही नैसर्गिक निवड किती बारकाईने वाचते!

तंबाखूच्या वलयठिपका विषाणूचा उपग्रह तर त्याहून पुढे गेला आहे. त्याच्या 359 अक्षरांच्या प्रती एकापाठोपाठ एक अशा लांबलचक माळेसारख्या निघतात, आणि ती माळ योग्य जागी तो स्वतःच तोडतो. प्रथिनाशिवाय. 1986 साली हे उघड झालं. आरएनए स्वतःच कातरीचं काम करतो, याचं ते सुरुवातीच्या उदाहरणांपैकी एक.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. यंत्र अडवून ठेवणारा हा तुकडा सहायकाचा शत्रूच असला पाहिजे, असं वाटतं. बऱ्याचदा तसंच दिसतं: उपग्रह असला की विषाणूच्या प्रती घटतात आणि झाडावरचा रोग सौम्य होतो. पण 1972 साली फ्रान्समधल्या अल्सास भागात टोमॅटोची झाडं काळी पडून मरू लागली. 1977 मध्ये केपर आणि वॉटरवर्थ यांनी दाखवलं की ते काम काकडी मोझॅक विषाणूच्या उपग्रहाचं होतं. विषाणू एकटा असता तर झाड खुरटलं असतं, पण जगलं असतं. आणि असाच मारक उपग्रह तंबाखूत शिरला तर तिथे रोग हलका करतो! तोच धागा, तीच अक्षरं. म्हणून ‘सौम्य उपग्रह’ किंवा ‘घातक उपग्रह’ हे शब्द मी वर्गात वापरू देत नाही. कुठल्या झाडात, कुठल्या विषाणूबरोबर, हे सांगितल्याशिवाय त्या शब्दांना अर्थच नाही.

याच विषाणूचा ‘वाय’ नावाचा एक उपग्रह आहे. तो तंबाखूचं पान झगझगीत पिवळं करतो. का करतो, हे 2011 मध्ये उलगडलं. त्याच्या धाग्यातली 22 अक्षरं तंबाखूच्या हरितद्रव्य बनवणाऱ्या एका जनुकाशी जुळतात. झाड स्वतःच्या संरक्षणासाठी उपग्रहाचे बारीक तुकडे करतं, आणि त्यातलाच एक तुकडा झाडाचं ते जनुक मुकं करून टाकतो. झाडाचं हत्यार झाडावरच उलटतं. एवढ्यावर मी थांबलो असतो तर तुम्ही म्हणाला असता, हा योगायोग. पण 2021 मध्ये पुढचा भाग समोर आला: त्या पिवळ्या झाडांकडे मावा जास्त खेचला जातो, आणि त्यांवर पोसलेला मावा लालसर होतो, त्याला पंख फुटतात. काकडी मोझॅक विषाणू एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो तो हाच मावा. उपग्रह पानात विषाणूचा वाटा खातो, आणि पानाबाहेर त्याच्यासाठी वाहन तयार ठेवतो.

हे तुकडे येतात कुठून? एकच उगम नाही. टर्निप क्रिंकल विषाणूच्या 356 अक्षरांच्या एका उपग्रहात जोड अगदी स्पष्ट दिसतो: सुरुवातीचा सुमारे 190 अक्षरांचा भाग दुसऱ्या एका उपग्रहाचा, उरलेला खुद्द विषाणूचा. नक्कल काढता काढता यंत्राने एका धाग्यावरून दुसऱ्यावर उडी मारली आणि दोन तुकडे शिवले गेले.

डीएनए उपग्रहांची कथा निराळी. पांढऱ्या माशीने पसरणाऱ्या जेमिनी या डीएनए विषाणूंबरोबर बीटा उपग्रह असतात, सुमारे 1,350 अक्षरांचे. सहायकाची लांबी साधारण 2,700. म्हणजे बरोबर निम्मे, आणि ते उगाच नाही. कवचात मावायचं तर ठरावीक मापातच बसावं लागतं. याच विषाणूंबरोबर अल्फा उपग्रहही सापडतात. ते नॅनोविषाणूंच्या, म्हणजे अनेक लहान भागांत विभागलेल्या डीएनए विषाणूंच्या, एका भागापासून आले असावेत असं मानतात. तो भाग जेमतेम 1,000 अक्षरांचा, तर अल्फा जवळपास 1,370 चे. त्यांच्यात ‘ए’ या अक्षराने भरलेला एक पट्टा असतो. पेटी मोठी आणि वस्तू लहान असली की आपण कागद कोंबतो, तसं काहीसं. कापसावरच्या चुरडा-मुरडा रोगात मात्र बीटाचं काम भरण्याचं नाही. सहायक विषाणू एकटा कापसात नेहमीची लक्षणं आणूच शकत नाही. बीटाचं एक प्रथिन झाडाची प्रतिकारयंत्रणा बंद पाडतं, तेव्हा रोग उभा राहतो. आणि हे नातं जुनं आहे. 752 साली जपानच्या सम्राज्ञी कोकेन यांनी भर उन्हाळ्यात पिवळ्या पडलेल्या पानांवर कविता लिहिली. 2003 मध्ये त्या युपॅटोरियम झाडांवरचा रोग जेमिनी विषाणू आणि त्याच्या बीटा उपग्रहाचा असल्याचं दाखवलं गेलं.

उपग्रह रोग हलका करतो म्हणून 1987 पासून त्याचं जनुक झाडात घालून पाहिलं गेलं, आणि रोग खरोखर कमी झाला. माझा या वाटेला पहिल्यापासून विरोध आहे. 1996 मध्ये पालुकैटिस आणि रूसिंक यांनी दाखवलं की काकडी मोझॅक विषाणूचा एक निरुपद्रवी उपग्रह आपोआप बदलून घातक होऊ शकतो. मोजक्या अक्षरांच्या फरकाने टोमॅटो मरतो, आणि अक्षरं बदलणं हाच या धाग्यांचा स्वभाव. शेतभर लावलेल्या झाडांत मग अशा चुकांना किती संधी!

शेवटी भुईमुगाच्या रोझेट रोगाबद्दल सांगतो. आफ्रिकेत त्याची नोंद 1907 पासून आहे. त्यात तिघं असतात. रोझेट विषाणूकडे स्वतःच्या कवचाचं जनुकच नाही. तो दुसऱ्या एका विषाणूच्या कवचातून माव्यावर चढतो. तिसरा उपग्रह, सुमारे 900 अक्षरांचा. दोन्ही विषाणू झाडावर फारसं काही दाखवत नाहीत. झाड खुरटतं, पानं झुपक्यासारखी होतात ती उपग्रहामुळे. प्रती काढायला तो पूर्णपणे रोझेट विषाणूवर अवलंबून आहे. पण रोझेट विषाणूचा आरएनए त्या परक्या कवचात भरला जायचा तर हा उपग्रह हजर असावाच लागतो. ज्या झुडपात तो नाही, तिथे मावा येतो, रस शोषतो, उडून शेजारच्या झुडपावर बसतो, आणि रोझेट विषाणू मात्र पहिल्याच झुडपात राहतो.